आडातली बोली

शनवारा मोहल्ल्यातल्या घरामागचा आड बुजवायचा ठरला, तेव्हा हर्षदा शेवटचं एकदा त्यात डोकावायला गेली. लहानपणी ती आणि तिची जुळी बहीण वृंदा त्यात वाकून हाका मारत, त्याही दोघींनीच रचलेल्या बोलीत. वृंदा नऊ वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर ती बोली बोलायला हर्षदाला कुणी उरलं नाही.

तिनं हळूच हाक दिली, "पूनी!" म्हणजे बहीण.

आतून घुमून आलं, "हूनी."

ऐकण्यात चूक झाली असेल, असं तिला वाटलं. तिनं 'भूक'साठीचा शब्द उच्चारला, "पेका." उत्तर आलं, "हेका." प्रत्येक 'प'चा 'ह' झाला होता. बाकी सगळं जसंच्या तसं.

हर्षदा कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. भाषा अशी नेमानं बदलते ती आईकडून लेकरांकडे, पिढ्यान्‌पिढ्या जाताना, हे तिनंच मुलांना किती वेळा सांगितलं होतं. ती आडात आणखी खाली वाकली.

"कोनाशी बोलून राहिली गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "मिस्त्री आला बघ."

"थांबव त्याला, आई!"

तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी खालून कितीतरी लेकरं हसली, परक्याच्या उच्चाराला हसावं तशी. मग कुणीतरी त्यांना गप्प केलं.

आणि एका म्हाताऱ्या बाईचा थकलेला आवाज, रडू आवरत, जुन्या 'प'नं म्हणाला, "पूनी."