काढून टाक

"जुनी किल्ली कुठाय?" सरांनी विचारलं. इस्पितळाचे नऊ वर्षांचे जुने रिपोर्ट क्लाउडवर डिजिटल किल्लीने कुलूपबंद होते. एकही उघडत नव्हता. वॉर्डातून सारखे फोन येत होते.

"काढून टाकली. तुम्हीच तसं लिहिलं होतंत," क्लाउड सांभाळणारी मुलगी म्हणाली.

"अगं, मी 'काढून ठेव' लिहिलं होतं! नवे रिपोर्ट नव्या किल्लीने उघडतात, पण जुन्यांना जुनीच लागते, एवढंही कळत नाही?"

कळत होतं. म्हणून तर गेल्या महिन्यात तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, 'काढून टाक. वाद नको.'

ती उत्तरं दाखवायला तिने ऑफिसचं चॅट उघडलं. तेही त्याच क्लाउडवर, त्याच किल्लीने कुलूपबंद होतं. गेल्या महिन्यातल्या संदेशांच्या जागी एकच ओळ होती: 'जुनी किल्ली सापडत नाही.'

सर सकाळपासून पहिल्यांदाच हसले. "दाखव की."