दोन मात्रांची जागा

"आता निनाद सरांची नवी कोरी रचना!" निवेदिका म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या इनासकाकांनी सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. बिग बँड जाझ पुन्हा उभं करणारा निनाद त्यांचाच शिष्य. झेरॉक्स काढायला नेलेली काकांच्या रचनांची वही त्याने वर्षभर परत केली नव्हती, पण घरच्या पोराकडे कोण तगादा लावतं?

सतरा वाद्यं एकदम उसळली. चाल ओळखीची वाटली. शिष्यात गुरूचं वळण येणारच, म्हणून काका सुखावले. मग ऐन चढणीवर चारही ट्रम्पेट दोन मात्रा थबकले, आणि काकांनी ताल धरलेला हात थांबवला. वसईच्या त्यांच्या जुन्या बँडमध्ये ट्रम्पेटवाल्या बस्त्यावला तिथे धाप लागायची. त्याला श्वास घेता यावा म्हणून काकांनीच ती जागा मोकळी सोडली होती. आजचे वाजवणारे विशीतले, छात्या भात्यासारख्या, तरीही थांबले.

नंतर कुणीतरी निनादला विचारलं, "ती मधली शांतता कशी सुचली हो?"

"अशा गोष्टी आतूनच येतात," तो म्हणाला, आणि काकांना पाहून पाया पडायला वाकला.

काकांनी पाय मागे घेतले. "शांतता कसली रे? तो आमच्या बस्त्यावचा दमा आहे."