पाळीआधीच्या आठवड्यातली हळद

शर्वाणीचा गाल हळद लावणाऱ्या मावशीच्या बोटाला चावला, तेव्हा सगळे हसले. मग काकूचं नख मुळासकट निघालं आणि सगळ्यांनी हात मागे घेतले.

लग्नासाठी शर्वाणीनं चेहऱ्यावर बसवून घेतलेला लेप तसा चोख होता. तो जिवंत लेप रक्तातली संप्रेरकं ओळखून महिनाभर आपलं वागणं बदलायचा. पाळी संपली की चेहरा उजळवायचा, आणि पाळीआधीच्या आठवड्यात त्वचा हळवी झाली की तिचं रक्षण करायचा. रक्षण म्हणजे दात, हे लेपाच्या कंपनीनं सांगितलं नव्हतं. गुरुजींनी मुहूर्त नेमका त्याच आठवड्यातला काढला होता.

"हळदीशिवाय सून घरात येणार नाही," म्हणत होणाऱ्या सासूबाई, सुमतीबाई, पुढे झाल्या.

"आई, नको, मागे सरा," शर्वाणी म्हणाली. तिला निनाद हवा होता, अगदी सासूसकट हवा होता. पण गालानं सासूबाईंच्या बोटाचं पेर तोडलं आणि पाटावर थुंकून टाकलं. शर्वाणीनं लाजेनं दोन्ही गाल हातांनी झाकले.

"मोडा हे लग्न," सुमतीबाईंची नणंद मागून गरजली. "आणि वहिनी, रक्त पुसा आधी. इतकी वर्षं संसार केलात, साधी हळद लावता येत नाही तुम्हाला."

सुमतीबाईंनी बोटाला पदर गुंडाळला. सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ कौतुकानं पाहिलं. मग हळदीची वाटी नणंदेच्या हातात दिली.

"वन्सं, मान तुमचाच. चांगली चोळून लावा."

शर्वाणीनं गालांवरचे हात काढून घेतले.