तीन दिवसांचा उपसा

शहर वाढत चाललं होतं आणि नव्या पाण्यासाठी इंजिनिअर दिनकररावांपुढं दोनच पर्याय होते. एक चाळीस किलोमीटरवरचं धरण, नाहीतर बोरी गावापलीकडच्या वाडीतली बायनाबाईची विहीर. ऐन मे महिन्यात त्यांच्या माणसांनी विहिरीवर पंप लावून तीन दिवस पाणी उपसलं आणि ओढ्यात सोडून दिलं, तरी पातळी बोटभरही उतरली नाही. वीस वर्षांच्या नोकरीत असली विहीर त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी धरणावर काट मारली.

आज विहिरीवरचा मोठा पंप पहिल्यांदा सुरू झाला. साठ हजार माणसांची तहान आता त्याच्यावर होती. दिनकरराव बायनाबाईपुढं वाकले. "मावशी, तुमच्या विहिरीनं शहर तारलं."

बायनाबाई संकोचली. "माझं कशाचं, सायेब. तवा तुमची माणसं एवढं पाणी ओढ्यात सोडायली होती, आमाला लय वाईट वाटलं."

पंपाची घरघर वाढत गेली.

"मग आमी बायांनी मागच्या अंगानं चारी खंदली आन सगळं पाणी परत हिरीत घेतलं. तीन दिवसांत थेंब वाया जाऊ दिला न्हाई."