टेबल सरकव

साकोलीतल्या निम्म्या ऑफिसांत नेटच्या वायरीला जॅक योगेंद्रनं बसवले होते. आज मात्र स्वतःच्याच दुकानात, भिंतीतून आलेल्या एका वायरीपाशी तो सकाळपासून अडून बसला होता. आठ बारीक तारा रंगांच्या क्रमानं लावायच्या आणि जॅक दाबायचा. दाबलेला जॅक पुन्हा निघत नाही. चुकला की वायरीसकट कापावा लागतो.

"तिसऱ्याच्या जागी पाचवा दिवा लागून राहिला," तारांचा क्रम तपासणाऱ्या टेस्टरवरचे आठ दिवे पाहून त्याची बायको हर्षा म्हणाली.

"जॅकच खराब आले या खेपेले." त्यानं तो कापला. वायर आणखी आखूड झाली. "टेबल सरकव."

हर्षानं कॉम्प्युटरचं टेबल पुन्हा थोडं भिंतीकडे ढकललं.

"अजी, नागपूरचा डॉक्टर काय म्हने?"

"काही नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हने. उद्या कॉलेजात चाळीस जॅक मारायचे हायेत, थे पाह्य."

बाराव्या जॅकला टेबल भिंतीला टेकलं. योगेंद्रनं तारा डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, पुन्हा जवळ आणल्या आणि शेवटी नुसत्या बोटांनी चाचपून तेरावा जॅक दाबला. टेस्टर जोडून तिच्यासमोर धरला.

"लागले ना आता आठही?"

टेस्टरचं बटण त्यानं दाबलंच नव्हतं. एकही दिवा लागलेला नव्हता, आणि तो त्या दिव्यांकडेच पाहत हसत होता.

हर्षानं भिंतीला टेकलेल्या टेबलावर हात ठेवला.

"लागले," ती म्हणाली.