ओवलेल्या सुया

म्हातारा शिंपी प्रार्थनेला दार लावूनच बसायचा. देवाशी बोलताना माणसांची कटकट कशाला? शेजारच्या आजी नेमक्या तेव्हाच कडी वाजवायच्या. "दादा, तेवढी सुई ओवून द्या. डोळ्यांनी दगा दिलाय." अनाथाश्रमातल्या पोरांचे फाटके कपडे त्या फुकट शिवून द्यायच्या. एकदा वैतागून त्याने वीस सुया ओवल्या आणि डबीत भरून दिल्या. "आता महिनाभर माझ्या डोक्याला ताप नको." दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. तो डोळे मिटून बसला, पण देव बाजूलाच राहिला, कान दाराकडे. आठवडाभर हेच. शेवटी स्वतःच त्यांच्याकडे गेला. "सुया संपल्या?" "अजून बारा आहेत. तुमच्या देवाला त्रास नको म्हणून पुरवून वापरते." त्याने डबीतल्या एका सुईतला दोरा हळूच ओढून काढला. "ही सुटली बघा. उद्या प्रार्थनेच्या वेळी या. दार उघडं ठेवतो."