सूतभर कमी

"त्या शहाण्याला सांग, चौकट केव्हाची तयार आहे. काच आज मिळाली तर उपकार होतील."

तो शहाणा म्हणजे काका. अंगणापलीकडच्या शेडमध्ये तो उभा होता आणि त्यानं सगळं स्वच्छ ऐकलं होतं. तरी पुतणी टाचणी अंगण ओलांडून येईपर्यंत तो मुकाट्यानं काच पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग, काचा काय झाडाला लागतात?"

टाचणी परत फिरली. अंगण ओलांडता ओलांडता तिनं निरोप धुऊन घेतला आणि बाबांना म्हणाली, "काका म्हणतोय, संध्याकाळपर्यंत देतो."

खिडक्यांचा कारखाना दोघा भावांचा. बाबा लाकडी चौकटी करायचे, काका काचा कापायचा. मागं कधीतरी एका गिऱ्हाइकाचं दार तिरकं बसलं आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, यावरून दोघांचं बिनसलं. दार केव्हाच सरळ झालं. अबोला तसाच राहिला. त्यात बाबा मोजणार इंचात आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. काका मोजणार मिलिमीटरमध्ये. मधल्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर खिडक्यांची ड्रॉइंग काढणारी टाचणी एकाची मापं दुसऱ्याच्या भाषेत करून द्यायची. अंगानं बारीक, पण दोन्ही शेड तिनंच एकत्र टाचून ठेवलेल्या, म्हणून काकूनं तिचं नाव टाचणी पाडलं होतं.

आता टाचणीला लांबच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. दोघांनी तिची पाठ थोपटली, एकेकट्यानं. पण तिचा पाय निघेना. वाचनालयाच्या खिडक्यांचं मोठं काम हातात होतं. जुनी इमारत, एक खिडकी दुसरीसारखी नाही. आपण गेल्यावर यांची मापं एकमेकांना कोण सांगणार?

मग तिनं ठरवलं, हे काम ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरलाच शिकवायचं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा आणि दुसरा हात कीबोर्डवर, अशी ती स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरसाठीचा छोटा प्रोग्राम, लिहीत बसली. आधी मापं उलटीच पडली. मग मापांचे बाणच गायब झाले. एकदा तर अख्ख्या खिडकीचं माप शून्य आलं आणि ती एकटीच खो खो हसली. शेवटी जमलं. ड्रॉइंगच्या पट्टीवर तिचं स्वतःचं एक नवं बटण आलं. ते दाबून चौकटीच्या कडेवर टिचकी मारली की रेघेच्या वर मिलिमीटर, खाली इंच आणि सूत. एकच कागद, दोघांना वाचता येणारा.

तिनं तो दोन्ही शेडमध्ये चिकटवला. बाबांनी चष्मा वर करून पाहिला आणि मान डोलावली. काकानं शीळ घातली. त्या दिवसापासून टाचणीला कुणी हाक मारली नाही.

कुणीच कुणाला हाक मारली नाही. बाबा कागद बघून लाकूड कापायचे, काका कागद बघून काच. "त्याला सांग" संपलं, टोमणेही संपले. अंगणात करवतीशिवाय आवाज उरला नाही. टाचणीला वाटलं, आपण कारखान्याला कुलूपच लावलं.

काकू हिशेबाच्या टेबलावरून म्हणाली, "आधी निदान तुझ्या तोंडून तरी बोलत होते गं."



वाचनालयाची पहिली खिडकी जोडायचा दिवस उजाडला. चौकट अंगणात बाकावर आडवी ठेवली होती. काकानं काच उचलून आणली आणि खाचेत टेकवली. बसेना. फिरवून बघितली. तरी बसेना. त्यानं केबिनकडे पाहिलं, पण टाचणी फोनवर होती आणि त्याचे दोन्ही हात काचेत गुंतले होते. काच टाकवेना, जागचं हलवेना.

"दादा!" काका ओरडला. "ही चौकट आहे की चिमटा?"

करवत थांबली. बाबा तसेच बाहेर आले. "काय झालं?"

"तीन मिलिमीटर कमी आहे!"

"माझी चौकट कागदाबरहुकूम आहे. तुझी काच वाढलीय."

"वाढायला ती काय भोपळा आहे?"

"सूतभर फरकावरून स्वर्ग गाठू नकोस!"

टाचणीनं फोन ठेवून घाईघाईनं ड्रॉइंग उघडलं. दोन्ही आकडे ताडून बघितले. सुताहून लहान उरलेला भाग तिची स्क्रिप्ट जवळच्या सुतात धरतच नव्हती, सरळ सोडून देत होती. दोघांनी कागदावर होतं तेच केलं होतं. चुकली होती ती स्वतः. दुरुस्ती एका ओळीची होती, पण आधी कबुली द्यायला हवी होती. ती दाराकडे धावली.

काकू दारात आडवी उभी राहिली.

"काकू, सोड. चूक माझ्या स्क्रिप्टची आहे. ते उगाच भांडतायत!"

"तोंड उघडलंस तर बघ," काकू दबक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "संध्याकाळी सांग. आत्ता नको."

बाहेर आवाज चढले, मग बाबांनी कमरेची टेप काढली. "बडबड पुरे. ती काच ठेव आणि ते टोक धर."

"धरलं. ताण ना जरा, दादा."

"ताणलंय. आता वाच."

"कुठल्या बाजूनं वाचू? इंच की मिलिमीटर?"

"तुला येतं त्या बाजूनं वाच, गाढवा! खाच पटाशीनं सूतभर मोठी केली की झालं."

दोघं चौकटीवर वाकले होते. डोकी एकमेकांना लागत होती. काकूनं केबिनचं दार हळूच लोटून घेतलं आणि टाचणीच्या पाठीवरून हात फिरवला.

"खुशाल जा शिकायला," ती म्हणाली. "तुझ्यावाचून भांडता येतंय त्यांना."